स्किपला संत करू नका

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 2 ऑगस्ट 2022 रोजी लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं. लॉन बॉल्समधलं भारताचं हे पहिलं पदक, आणि तेही थेट सुवर्ण. सामना झाला लेमिंग्टन स्पा इथल्या व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर. त्या दिवसाआधी या खेळाचे नियम आपल्याकडे किती जणांना ठाऊक होते, हे विचारूच नये. नियम ठाऊक नसले की माणूस गुणफलक सोडून स्वभावगुणांकडे वळतो, आणि कौतुकाच्या बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा स्वभावगुण म्हणजे संयम. तो या चौघींच्या पदरात भरभरून घातला गेला.

तेव्हापासून एक समज आपल्याकडे रुळला आहे. लॉन बॉल्स हा संयमाचा खेळ. संघाचं नेतृत्व करणाऱ्या स्किपचं डोकं थंड हवं. घाई करायची नाही, वाट पाहायची, समोरचा चुकला की विजय चालत घरी येतो. ऐकायला छान, शिबिरात सांगायला सोयीचं, आणि खेळाशी त्याचा संबंध फारच थोडा.

माझा आक्षेप असा आहे की या समजात स्किपची स्तुती दिसते, पण त्याच हाताने तिची अक्कल काढून घेतली जाते. स्किप करते तो हिशेब असतो. किती एंड, म्हणजे सामन्यातल्या फेऱ्या, उरलेत, हातात किती चेंडू आहेत, कुणाचा चेंडू कुठे पडलाय, पुढची मॅट कुणाकडे जाणार, हे पाहून ती कधी थांबते आणि कधी तुटून पडते. थांबली की आपण तिला संयमी म्हणतो, तुटून पडली की धाडसी. तिच्या लेखी दोन्ही एकाच वहीतल्या नोंदी असतात.

आधी त्या दोन सामन्यांचा गुणफलकच पाहू. उपांत्य फेरीत समोर न्यूझीलंड होतं. दोन एंड झाले तेव्हा भारत 0-5 असा मागे. नऊ एंडनंतर 7-7, दहानंतर भारत 10-7 असा पुढे, चौदानंतर न्यूझीलंड 13-12 असं पुढे. पंधरावा म्हणजे शेवटचा एंड भारताने चार गुणांनी घेतला आणि सामना 16-13 असा खिशात घातला. अंतिम सामन्यात भारताची आघाडी 8-2 होती. दक्षिण आफ्रिकेने 8-8 केलं, मग 10-8 केलं, आणि तिथून पुढे भारताने त्यांना एकही गुण न देता नऊ गुण मिळवले. आता संयमवाद्यांनी मला एवढंच सांगावं: विजय संयमामुळे मिळाला असेल, तर ओळीने आठ गुण गेले तेव्हा हा संयम कुठे होता? चहाला गेला होता? चौघी त्याच, हिरवळ तीच. त्याच स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने उपांत्य फेरीत इंग्लंडला 13-12 असं हरवलं आणि अंतिम सामना उत्तर आयर्लंडकडून 5-18 असा गमावला. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्यांचा स्वभाव बदलला असं म्हणायचं का? जे कारण हरण्यालाही चिकटवता येतं आणि जिंकण्यालाही, ते कारण नसतं. ती सजावट असते.

खेळ थोडक्यात असा. मॅटवरून आधी जॅक नावाचा छोटा चेंडू सोडायचा. तो किमान 23 मीटर जायला हवा. मग दोन्ही संघ आळीपाळीने आपले मोठे चेंडू त्याच्याजवळ पोचवायचा प्रयत्न करतात. हे चेंडू दीड किलोच्या आसपासचे आणि पूर्ण गोल नसलेले. घडणीतच एका बाजूला कल असतो, त्यामुळे वेग ओसरत जातो तसा चेंडू वळत जातो. चौघांच्या संघात प्रत्येकाला दोन चेंडू, म्हणजे एका एंडला संघाचे आठ. ज्या संघाचा चेंडू जॅकच्या सगळ्यात जवळ, त्यालाच त्या एंडचे गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू आत, तितके गुण. दुसऱ्याला भोपळा. लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप या क्रमाने चौघी खेळतात. पहिल्या तिघी खेळत असताना स्किप पलीकडच्या टोकाला उभी राहून कुठे टाकायचं ते सांगते, मग चालत मॅटवर येते, आणि तेवढ्या वेळेपुरती थर्ड तिचे डोळे होते. बर्मिंगहॅमला सामना 15 एंडचा होता. म्हणजे संघाचे 120 चेंडू, त्यातले स्किपच्या हातचे फक्त 30. उरलेल्या 90 चेंडूंचं काय करायचं हेही तिनेच ठरवायचं.

म्हणूनच ‘मागे पडलो तरी शांत राहा’ हा उपदेश मला अर्धवट वाटतो. पाच गुणांनी मागे पडलेल्या दोन स्किप घ्या. एकीचे तेरा एंड शिल्लक आहेत, दुसरीचा एकच. पहिलीने काय करावं? जॅकजवळ चेंडू नेऊन ठेवण्याचा साधा ड्रॉ खेळत राहावं. एकेका गुणाने एंड जिंकत गेली तरी तेरा एंडांत पाच गुण भरून काढणं अशक्य नाही, आणि घाईने मोठ्या फटक्यांच्या मागे लागली तर पाचाचे नऊ व्हायला दोन एंड पुरतात. दुसरीने नुसता ड्रॉ खेळून एक गुण मिळवला तर ती चार गुणांनी हरते आणि सभ्यपणे हात मिळवून घरी जाते. तिला नुसत्या बरोबरीसाठीही आठातले पाच चेंडू आत हवेत. त्यासाठी जॅकच हलवून आपल्या चेंडूंच्या घोळक्यात ओढून न्यावा लागेल, समोरच्यांचे चेंडू उडवावे लागतील, एंड बिघडण्याचा धोका पत्करावा लागेल. तूट तीच, स्वभावही तोच धरा. पहिलीचं थांबणं शहाणपणाचं आहे आणि दुसरीचं थांबणं हा निव्वळ आळस आहे, जरा चांगल्या कपड्यांतला. 0-5 नंतर आपल्या चौघी डगमगल्या नाहीत हे खरं, पण डगमगू नये याला कारण होतं: पंधरातले दोनच एंड गेले होते. आणि 12-13 वर शेवटच्या एंडला त्यांच्या पुढचं गणित अगदी वेगळं होतं. एक गुण मिळाला तर बरोबरी आणि जादा एंड. दोन मिळाले तर अंतिम फेरी. न्यूझीलंडला मात्र आपला एक चेंडू सर्वांत जवळ ठेवला की पुरे. अशा वेळी ‘धीर धरा’ हा सल्ला ऐकून स्किप काय करणार? तिला चेंडू कुठे हवा ते सांगा.

त्यात मॅटचा प्रश्न वेगळाच. आधीचा एंड जिंकणारा संघ पुढच्या एंडला मॅट ठेवतो, जॅक सोडतो आणि पहिला चेंडू टाकतो. म्हणजे लांब खेळायचं की आखूड, हे जिंकणारा ठरवतो. पण पहिला चेंडू त्याचा, म्हणून शेवटचा चेंडू हरणाऱ्याचा. हरणाऱ्याच्या हातात जातं ते हे शेवटचं पान. एंड हरून मिळालेल्या या शेवटच्या चेंडूचा उपयोग कसा करायचा हे ज्या स्किपला कळतं, ती मागे पडूनही सामन्यात टिकून राहते. दुरून बघणाऱ्याला ती ‘खचली नाही’ असं दिसतं. ती खचली नाही कारण शेवटचा चेंडू तिच्याकडे आहे, हे तिला माहीत होतं आणि बघणाऱ्याला माहीत नव्हतं.

आता मागच्या चेंडूबद्दल बोलतो, कारण या खेळातली बुद्धी मला तिथे सगळ्यात उघडी पडलेली दिसते. समजा, प्रतिस्पर्ध्याचे दोन चेंडू जॅकला खेटून बसलेत. आपली सेकंड मॅटवर आहे. प्रेक्षकाला वाटतं, आता तिने जॅकजवळ जायलाच हवं. पण स्किप हाताने खूण करते ती जॅकच्या दीड-दोन मीटर मागची. सेकंड चेंडू सोडते, तो सगळ्यांना ओलांडून मागे जाऊन थांबतो आणि प्रेक्षक हळहळतात: जोर जास्त झाला. जोर जास्त झालेला नसतो. स्किपने आत्ताच एका न घडलेल्या गोष्टीवर एक चेंडू खर्च केलेला असतो. या एंडमध्ये अजून जोरदार चेंडू यायचे आहेत, तिचे स्वतःचे किंवा समोरच्या स्किपचे. ते जॅकला लागले तर जॅक मागे सरकेल. मागे सरकला की पुढचे दोन ‘चांगले’ चेंडू एका क्षणात बिनकामाचे होतील आणि तो मागचा ‘वाया गेलेला’ चेंडू राजा होईल. जॅक रिंकच्या, म्हणजे सामन्यासाठी आखलेल्या पट्ट्याच्या, हद्दीत राहून हिरवळीच्या टोकाच्या चरात पडला तरी तो जिवंतच असतो. ज्या चेंडूने थेट जॅकला स्पर्श केला असेल त्याच्यावर खडूची खूण करतात, आणि असा चेंडू चरात गेला तरी धरला जातो. त्यामुळे हेडच्या, म्हणजे जॅक आणि त्याच्याभोवती जमलेल्या चेंडूंच्या, मागची ओसाड दिसणारी जागा प्रत्यक्षात अर्ध्या सामन्याची जागा असते. तिथे दोघांपैकी कुणाचे चेंडू जास्त आहेत, हे समोरची स्किप सतत बघत असते. आपला एक चेंडू तिथे असला की तिला जोराचा चेंडू टाकायची भीती वाटते. म्हणजे तो चेंडू एकदाही न हलता प्रतिस्पर्ध्याचे दोन पर्याय बंद करतो.

हा संयम आहे का? म्हणायचं तर म्हणा. पण इथे स्किपने कशाचीही वाट पाहिलेली नाही. आठातला एक चेंडू मोजून दिलाय, बदल्यात काहीतरी घेतलंय, आणि हा सौदा तोट्याचाही ठरू शकतो. जॅक हललाच नाही तर तो चेंडू खरोखर वाया जातो आणि एंड एकाऐवजी तीन गुणांनी जातो. ही जोखीम घेण्याला शांत स्वभाव म्हणणं हे सावकाराला दानशूर म्हणण्यासारखं आहे.

या खेळाला हिरवळीवरचं बुद्धिबळ म्हणणारेही आहेत. त्यांचा हेतू चांगला, स्किपच्या बुद्धीला ते निदान ओळखतात. पण उपमा फसते. बुद्धिबळात घोडा ज्या घरात ठेवला त्या घरातच बसतो, तुमचा हात थरथरला म्हणून तो शेजारच्या घरात जात नाही. इथे ठरवलेली खेळी आणि झालेली खेळी यांच्यात वीतभराचं ते दोन हातांचं कितीही अंतर पडू शकतं. शिवाय इथला राजा, म्हणजे जॅक, कुणाच्याही चेंडूने ढकलला जातो. म्हणून चांगली स्किप ‘हा चेंडू जमला तर काय मिळेल’ एवढंच विचारत नाही. ‘हा थोडा आखूड पडला तर कुठे थांबेल, थोडा लांब गेला तर काय फोडेल’ हे आधी विचारते. ज्या खेळीच्या चुकाही आपल्या कामाच्या असतात ती खेळी ती निवडते. आपल्याच लीडच्या चेंडूमागे आखूड पडणारा चेंडू मागायचा की हेडच्या पल्याड जाणारा, हा प्रश्न पटावर येतच नाही.

हात बदलण्याचंही तसंच. चेंडू फोरहँडने वळवत आणायचा की बॅकहँडने, हे प्रत्येक चेंडूला ठरवावं लागतं. लीडचा पहिला चेंडू फोरहँडने मीटरभर आखूड पडला. उतावीळ स्किप लगेच बॅकहँड मागते. मुरलेली स्किप म्हणते, पुन्हा तोच हात. कारण चुकलेल्या चेंडूने एक माहिती दिलेली असते: या बाजूला गवत किती ओढतं, किती रुंद टाकावं लागतं. हात बदलला की ती माहिती टाकून दिली आणि नव्याने अंदाज बांधायला बसलो. आणि ही माहिती मोलाची असते, कारण हिरवळ हिरवळीत फार फरक. साधारण 27 मीटर जाऊन थांबायला इंग्लंडच्या जड गवतावर चेंडूला दहा-बारा सेकंद लागतात, तर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातल्या टणक हिरवळींवर पंधराच्या वर. जास्त सेकंद म्हणजे हिरवळ जलद. तिथे अलगद सोडलेला चेंडूही रेंगाळत पोचतो. पण समोरच्यांचा एक चेंडू नेमका त्या वाटेवर येऊन बसला, की तोच हात धरून ठेवणारी स्किप संयमी राहत नाही, हट्टी होते. ही सीमारेषा स्वभावात सापडत नाही, रिंकवर सापडते. 2026च्या ग्लासगो स्पर्धेसाठी तर हा खेळ छपराखाली, कार्पेटवर ठेवला आहे. तिथे वारा नाही, ओलावा नाही. ‘थांबा, हिरवळ आपल्या बाजूने वळेल’ असं म्हणणाऱ्यांची तिथे पंचाईतच होईल.

संयमवाद्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. स्किपचा चेहरा महत्त्वाचा असतो. मॅटवरच्या खेळाडूला पंचवीस-तीस मीटरवरून तीच एक व्यक्ती दिसत असते. आखूड चेंडूवर स्किपने कपाळाला हात लावला, तर त्या खेळाडूचा दुसरा चेंडू हमखास लांब जातो. लीड तर बिचारी सगळ्यात आधी खेळून मोकळी होते. तिच्या दोन उत्तम चेंडूंवर नंतरचे बारा-तेरा चेंडू धाडधाड आदळतात आणि शेवटी टाळ्या स्किपला. तिला सांभाळून घ्यावंच लागतं. पण यातही मला साधुत्व दिसत नाही. स्किप हसते, कारण त्या खेळाडूकडे अजून एक चेंडू आहे आणि तो हवा आहे. शेवटचा चेंडू पडल्यावर तिने काय करावं ते तिचं तिने ठरवावं. घरी जाऊन उशीवर बुक्के मारणाऱ्या स्किपही जगात असतील आणि त्या चांगल्या खेळत असतील.

दुसऱ्या टोकालाही एक मंडळी आहेत. त्यांना हे सगळं संथ वाटतं. त्यांच्या मते आधुनिक खेळ म्हणजे ड्राइव्ह: पूर्ण ताकदीने सोडलेला, जवळजवळ सरळ जाणारा, हेड उधळून टाकणारा चेंडू. त्यांच्याशी माझं भांडण थोडक्यात आटोपतं, कारण ते निदान खेळाबद्दल बोलतात. ड्राइव्ह म्हणजे उतावळेपणा नव्हे, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. समोरचे चार चेंडू आत बसलेत, आपला एकही नाही, हातात एकच उरलाय. अशा वेळी अचूक ड्रॉ करून एक गुण चोरायचा, की ड्राइव्ह मारून जॅकच रिंकबाहेर घालवायचा? पूर्वीच्या पद्धतीत जॅक बाहेर गेला की एंड मेला आणि पुन्हा खेळायचा. चार गुणांचं नुकसान पुसलं गेलं. पण आता बऱ्याच स्पर्धांत असा जॅक ठरलेल्या जागी परत ठेवतात आणि एंड पुढे चालू राहतो. म्हणजे त्याच ड्राइव्हची किंमत स्पर्धेच्या नियमपत्रकावर अवलंबून. ते नियमपत्रक न वाचता ‘आक्रमक खेळा’ म्हणणारा आणि न वाचता ‘शांत खेळा’ म्हणणारा, दोघांना मी एकाच बाकावर बसवीन.

आणि स्वभावाचाच मुद्दा काढायचा तर या चौघी आल्या कुठून ते बघा. स्किप रूपा रानी तिर्की आधी कबड्डी खेळायच्या. नयनमोनी सैकिया भारोत्तोलनातून आल्या, लव्हली चौबे ॲथलेटिक्समधून, पिंकी क्रिकेटमधून. यातला एकही खेळ ध्यानधारणेचा नाही. कबड्डीत तर चढाईला तीस सेकंद मिळतात. तरीही कबड्डी जाणणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगायला नको की रिकामी चढाई ही भित्री चढाई नसते. आघाडी असताना चढाईपटू बोनस रेषेकडे न बघता तीस सेकंद खाऊन परत येतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावा लागतो, नाहीतर बाद. तेव्हा तोच माणूस कोपऱ्यात झेप घेतो. त्याचा स्वभाव तीस सेकंदांत बदललेला नसतो. कोणती चढाई कितवी आहे ते त्याला माहीत असतं. हिरवळीवरच्या स्किपच्या खुर्चीत (खुर्ची नसते, तासन्‌तास उभंच राहावं लागतं) कबड्डीतली व्यक्ती का शोभते, याचं उत्तर मला इथे सापडतं.

इंग्रजांनी स्वतःही या खेळाभोवती संयमाच्या गोष्टी रचून ठेवल्यात. सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सर फ्रान्सिस ड्रेकची. 1588 साली स्पॅनिश आरमार दिसल्याची बातमी आली तेव्हा तो प्लिमथ होवर बॉल्स खेळत होता म्हणे, आणि आधी डाव पुरा करू, मग स्पॅनिशांकडे बघू असं म्हणाला म्हणे. त्या काळातला पुरावा याला नाही, गोष्ट नंतरची. पण खरी धरली तरी तिचा अर्थ लोक उलटा लावतात. भरतीचं पाणी बंदरात येत असताना आणि वारा तोंडावर असताना शिडाची गलबतं बाहेर काढता येत नाहीत. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा, ओहोटीची वाट पाहण्याला तो मनोनिग्रह म्हणणार नाही. ड्रेक खेळत बसला असेल तर पाण्याची वेळ पाहून बसला असेल. तसंच डेव्हिड ब्रायंटचं. तोंडात पाइप धरून खेळणारा हा इंग्लिश खेळाडू 1966, 1980 आणि 1988 अशा तीन वेळा खुल्या हिरवळीवरचा एकेरीतला जगज्जेता झाला, पहिल्या दोन वेळा ऑस्ट्रेलियात, तिसऱ्यांदा न्यूझीलंडमध्ये. लोकांना पाइप आठवतो. जड गवतावर वाढलेल्या माणसाने परक्या, जलद हिरवळींवर बावीस वर्षांच्या अंतराने आपली लय कशी बसवली, हे विचारायचं राहून जातं. पाइपने चेंडू वळत नाही.

एक गोष्ट मात्र मला खरोखर खुपते. बायकांच्या संघाला संयमाचं प्रशस्तिपत्रक देताना आपला हात फार सैल सुटतो. सोसणं, थांबणं, धीर धरणं ही कामं आपण घरात त्यांच्याकडेच दिलेली असल्याने मैदानातही तेच दिसतं. 5-0 ची पिछाडी भरून काढणारा पुरुष कप्तान आपल्या लेखी ‘चाणाक्ष’ असतो, बाई असली की ‘धीराची’. शिवाय या धीराच्या कौतुकाआड आणखी एक हिशेब लपतो. 2010च्या दिल्ली स्पर्धेत भारत या खेळात उतरला आणि पहिलं पदक मिळालं 2022मध्ये. मधल्या बारा वर्षांना तपश्चर्या म्हटलं की आपल्या देशात चांगल्या हिरवळी किती, बाहेरच्या हिरवळींवर सराव किती, हे प्रश्न विचारायची गरज उरत नाही. खेळाडूंनी धीर धरला, आता सगळ्यांनी टाळ्या वाजवा. मला वाटतं त्या चौघींना टाळ्यांपेक्षा कुणीतरी सामन्यानंतर असं विचारलेलं जास्त आवडलं असतं: बाई, 8-10 नंतर मॅट पुन्हा तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही जॅक लांब न्यायचं ठरवलंत की जवळ, आणि का?

संयमवादी शेवटी क्रिकेटकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. सुनील गावसकरांनी ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू कसे सोडले, राहुल द्रविड दिवसभर कसा उभा राहिला, तसंच हे, असं म्हणतात. तसं मुळीच नाही. कसोटीतला फलंदाज चेंडू सोडतो तेव्हा त्याचं काही जात नाही. पुढचा चेंडू येणारच असतो, आणि दमतो तो गोलंदाज. लॉन बॉल्समध्ये स्किपकडे एका एंडला दोनच चेंडू. त्यातला प्रत्येक चेंडू टाकला की खर्च झाला, आणि तो कुठेतरी थांबणारच, कुणाच्या तरी उपयोगी किंवा कुणाच्या तरी वाटेत. चेंडू सोडून देणं नावाची सोय या खेळात जवळजवळ नाही. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण नियमांत तिला एकच जागा ठेवली आहे: एंडचा अगदी शेवटचा चेंडू. आपले तीन चेंडू आत बसलेत, हेड दाटलेलं आहे, शेवटचा चेंडू आपला आहे आणि तो टाकला तर चौथा गुण मिळण्यापेक्षा आपलंच काही बिघडण्याचा संभव जास्त आहे. अशा वेळी स्किप तो चेंडू टाकायचा नाही असं ठरवू शकते. मात्र तसं तिला प्रतिस्पर्ध्याला सांगावं लागतं, गुणांची मोजणी सुरू होण्याआधी.